पट्टा, मान आणि मान

ऑफिसातल्या हेडक्लार्कना सगळे समोर ‘भाऊसाहेब’ म्हणत आणि पाठ वळली की ‘नंदी’. साहेबांनी तोंड उघडायचा अवकाश, यांची मान सुरू. साहेब म्हणाले पंखा वाढवा, मान हलली. साहेब म्हणाले कशाला वाढवलात, मान पुन्हा हलली. एकदा तर साहेबांना नुसती जांभई आली, तीही भाऊसाहेबांनी मंजूर केली. इतक्या वर्षांच्या एकनिष्ठ सेवेनंतर मान धरली नसती तरच नवल.

एका सकाळी ते उठले ते वाकडी मान घेऊनच. बायको म्हणाली, “दोन-दोन उशा घेऊन झोपा अजून!” शेजाऱ्यांनी तेल सुचवलं. केस कापणारा म्हणाला, “एक झटका देतो, कट्ट वाजेल, मोकळे व्हाल.” कट्ट वाजलं खरं, पण मान सुटायची ती दुसऱ्या बाजूनेही धरली. मग भाऊसाहेबांनी कोणालाही न विचारता औषधांच्या दुकानातून मानेचा पट्टा आणला आणि गळ्यात घातला.

आणि काय सांगावं! जन्मभर मान हलवून जो मान मिळाला नाही, तो मान ताठ धरून आठवड्यात मिळाला. साहेब बोलायचे, भाऊसाहेब खांबासारखे बसून राहायचे. साहेब चाचरायचे, “तुम्हाला पटत नाहीये का?” आणि स्वतःच निर्णय बदलायचे. घरीसुद्धा बायको आधी विचारायला लागली. गळ्यात पट्टा अडकल्यावर मोकळा झालेला माणूस जगात बहुधा हा एकच असावा.

अशात ते प्रिंटरचं प्रकरण झालं. साहेबांनी चहाचा कप नव्याकोऱ्या प्रिंटरवर ठेवला, फोनवर हातवारे करताना कोपर लागलं आणि सगळा चहा यंत्राच्या पोटात गेला. खोलीत दोघंच होते, साहेब आणि भाऊसाहेब. पण संध्याकाळपर्यंत तो चहा मावशींनी सांडलेला होता. मावशी ऑफिसात शिपाई होत्या. नोकरी कंत्राटी, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

“मावशींनीच सांडला. तुम्ही होतातच की तिथे. हो ना?” साहेबांनी विचारलं.

भाऊसाहेबांची मान आतल्या आत निघाली होती, पण पट्ट्याने ती धरून ठेवली. साहेब चपापले. “बरं, सोमवारी मुख्य ऑफिसातून लोक येताहेत. त्यांच्यासमोरच काय ते बोलू. ठपका बसला तर मावशींना घरी बसावं लागेल, दुसरं काय!”

बाहेर मावशींनी भाऊसाहेबांना गाठलं. “तुम्ही मान हलवली नाहीत, म्हणून वाचले हो.” भाऊसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्य स्पंजच्या पट्ट्याचं, आणि पावती यांच्या नावाने फाटत होती.

शनिवारी बायकोने हाताला धरून त्यांना फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं. बाईंनी आधी पट्टा काढून टेबलावर ठेवला.

“हा कोणी सांगितला?”

“केस कापणाऱ्याने कट्ट वाजवलं तरी सुटेना, मग माझा मीच घेतला.”

“वा! डॉक्टरही तुम्हीच, पेशंटही तुम्हीच. हाताला मुंग्या येतात? बोटं बधिर होतात?”

“नाही.”

“मग हा कशाला? दिवसभर पट्टा घातला की मानेचे स्नायू रजेवर जातात, आणि रजेची चटक लागली की कामावर येत नाहीत. तुम्ही ऑफिसात काम करता, तुम्हाला वेगळं काय सांगायचं! उशी एकच, तीही पातळ. कॉम्प्युटर डोळ्यांच्या पातळीत. फोन खांद्यात दाबून बोलायचं नाही. थोड्या थोड्या वेळाने खुर्चीतून उठायचं. गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं. आणि त्या कट्टवाल्याकडे फक्त केस कापायचे. आता मान वर-खाली करा.”

भाऊसाहेबांनी केली. दुखली थोडी, पण सफाई पाहून बाई खूश झाल्या.

“छान. आता डावीकडे, उजवीकडे.”

मान जागीच अडली.

“अहो, नाही म्हणताना करतो ना, तसं.”

भाऊसाहेबांनी बराच विचार केला. “तसं कधी केलेलं आठवत नाही.”

“खरंय,” बायको म्हणाली. “लग्नालासुद्धा ऐकायच्या आधीच हो म्हणाले होते.”

“म्हणजे होकाराचे स्नायू कमावलेले आणि नकाराचे गंजलेले,” बाई म्हणाल्या. “हनुवटी आत ओढायची, मग सावकाश वळवायची. हिसका नाही. दुखेल तिथे थांबायचं. रोज करा.”

“पट्टा सोमवारपर्यंत ठेवला तर चालेल?”

“सोमवारी काय आहे?”

भाऊसाहेबांनी टेबलावरचा पट्टा हळूच जवळ ओढला. त्यांना खरोखर भीती वाटत होती. पट्टा निघाला की ही मान त्यांना न विचारताच मावशींना विकून टाकणार, याची त्यांना खात्री होती.

रविवारभर सराव चालला. जेवताना बायको “आणखी वाढू?” म्हणायची आणि हे मान डावीकडे-उजवीकडे न्यायचे. नकाराची गोडी लागली आणि माणूस अर्धपोटी उठला. सोमवारी निघताना पट्टा खुंटीला होता. भाऊसाहेबांचा हात तिथपर्यंत गेला आणि रिकामाच परत आला.

साहेबांच्या खोलीत पाहुणे बसले होते. मावशी रिकामा ट्रे छातीशी धरून दारात उभ्या. भाऊसाहेबांचा उघडा गळा पाहून साहेबांचा जीव भांड्यात पडला.

“चहा मावशींनीच सांडला. हे स्वतः तिथे हजर होते. हो ना, भाऊसाहेब?”

मान सवयीने खाली निघालीच. अर्ध्या वाटेवर भाऊसाहेबांनी हनुवटी आत ओढली, थांबले, आणि मान सावकाश डावीकडे नेली. मग उजवीकडे. चांगलीच कळ आली.

साहेबच सगळ्यांत आधी सावरले. पाहुण्यांकडे बघत मोठ्याने हसले. “त्यांच्या मानेला त्रास आहे हो. व्यायाम सांगितलाय, तो करताहेत बिचारे. हो ना, भाऊसाहेब?”

सुटायची इतकी सोपी वाट कोणी आयती काढून देत नाही. एकदा मान हलवली की काम झालं. दारातून मावशी त्यांच्या मानेकडेच बघत होत्या.

“नाही साहेब,” भाऊसाहेब म्हणाले. “व्यायाम मी सकाळी घरीच करून आलोय.”