मायाप्पानं केस का ठेवले

मायाप्पाच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या घरी गच्चीवरचे कपडे काढत होतो. "पाळकसाहेब, अण्णा गेले सकाळी. माती दुपारच्याला हाय. तुमी आता थकलाय, येऊ नका म्हनून सांगाय फोन केलाय." दानियलचं बोलणं बापासारखंच आहे. ज्यानं यावं असं मनात असतं त्यालाच हे दोघं 'येऊ नका' म्हणत. मी पुतण्याला गाडी काढायला सांगितली. कऱ्हाड गेलं, विटा गेलं, ऊस संपून कुसळांचे माळ सुरू झाले. पुतण्यानं दोनदा विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?" ... त्याला काय सांगणार होतो?

आता काही आठवडे झाले. मायाप्पाबद्दल मी आयुष्यभर पुष्कळ बोललो, लिहिलंही. त्यातली एक गोष्ट खोटी आहे आणि ती खोटी मीच केली. ती ज्यांनी माझ्या तोंडून ऐकली ते सातारा-सांगलीकडे अजून आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातलं. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून एकमेकांच्या शेजारी राहतात. चाळीसेक वर्षांपूर्वी मला तिथं पाठवलं तेव्हा माझी पाळकाची दीक्षा नुकतीच झाली होती. जिथं एकही ख्रिस्ती घर नाही तिथं मंडळी उभी करायची, एवढी एकच ईर्षा डोक्यात होती. पहिलं वर्षभर मी लिंबाखाली पेटी वाजवून गात होतो आणि समोर पोरं आणि शेळ्या. एक दिवस मेंढरं सावलीला घेऊन आलेला एक उंच धनगर बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिला आणि म्हणाला, "आवं, तुमचा देव ऐकतूय का, का तुमीच एकटं बोलताय?"

"ऐकतो की," मी म्हणालो.

"मग एवढं वरडताय कशाला?"

तो मायाप्पा. त्या दिवसापासून मी हळू बोलायला शिकलो आणि तो दर रविवारी येऊन बसायला लागला. पुढं त्यानं आणि त्याच्या बायकोनं बाप्तिस्मा घेतला. मी त्याचं नाव मोशे ठेवायला निघालो होतो. "मोशे म्हनलं तर माजी कुत्री बी भुकतील माझ्यावर," म्हणून त्यानं ते उडवून लावलं आणि तो मायाप्पाच राहिला. प्रार्थनेला डोळे मात्र त्यानं कधी मिटले नाहीत. "डोळं मिटून बसलू तर लांडग्याला आवतान दिल्यागत हुतंय, साहेब." आधी त्याचे सोयरे तुटले, मग भावकीनं जेवणावळीला बोलवणं बंद केलं, जत्रेतला त्याचा ढोल दुसऱ्याच्या गळ्यात गेला. यातल्या कशाचीही तक्रार त्यानं माझ्याकडं केली नाही.

त्याची आई, सुकाबाई, आमच्यात आली नाही. रागही केला नाही. "माझा बिरोबा मला बास हाय. पर पोरा, तू ज्येवलास का?" असं मला विचारायची. तिथली माझी पहिली काही वर्षं तिच्या हातच्या बाजरीच्या भाकरीवर आणि हुलग्याच्या माडग्यावर निघाली. माझ्या आईनंतर मला 'पोरा' म्हणणारी ती एकटीच.

मग प्रार्थनागृह बांधून झालं. भिंती गावच्या दगडाच्या, वरचा पत्रा परदेशातल्या एका मंडळीनं दिलेल्या मदतीचा. समर्पणाचा रविवार ठरला. परदेशातले पाहुणे येणार होते. त्या गावचा पहिला विश्वासणारा म्हणून मायाप्पाबद्दल मी त्यांना किती तरी लिहून कळवलं होतं... आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी सुकाबाई गेली.

मायाप्पा माझ्या दारात आला. आत आला नाही. "साहेब, केस काढतो आन आईला इस्तू देतो. नुसतं सांगाय आलूय."

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा: "आणि रविवारी?"

हे समजून घ्यायला हवं. प्रार्थनेला पुरुष डोक्यावरचं काढून ठेवतात. मायाप्पा सगळ्यांच्या पुढं बसून आपली साक्ष सांगणार होता. त्याचं तासलेलं डोकं पाहुण्यांना दिसलं असतं, त्यांनी विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की आमच्या पहिल्या विश्वासणाऱ्यानं कालपरवाच जुने विधी केले. नव्या माणसानं असे विधी करू नयेत असा आमच्यात दंडक होता, हे खरं. पण माझ्याच ओळखीतल्या एका वयस्कर पाळकानं असल्याच प्रसंगी एका पोराला 'जा, मुलगा म्हणून जा, मी गावाबाहेर तुझी वाट बघतो' असं सांगितलेलं मला माहीत होतं. मला दंडकाची काळजी नव्हती. मला रविवारची काळजी होती.

"बरं, केस ऱ्हाऊ द्या," मायाप्पा म्हणाला. "इस्तू तरी दिऊ?"

मी शास्त्रातलं एक वचन काढून त्याच्यापुढं टाकलं. त्यानं ते उघड्या डोळ्यांनी ऐकून घेतलं.

"आवं, तिच्या हातचं तुमीबी खाल्लंय."

"जायचं तर जा," मी म्हणालो. "पण मग रविवारी पुढं बसू नकोस. आणि या दारात परत येऊ नकोस."

सोयरे गेलेले, भावकी गेलेली. त्याला एवढं एकच दार उरलं होतं आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. तो गेला नाही. सुकाबाईला अग्नी चुलतभावानं, बाळूनं दिला.

रविवारी मी 'प्रार्थना करू या' म्हणालो. मायाप्पानं लाल मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. खाली दाट काळे केस. पाहुणे बघायला सगळं गाव दाराशी लोटलं होतं. त्यात त्याची एकुलती एक बहीण होती, तानूबाई. तासगावजवळ दिलेली, आईच्या मातीला म्हणून आलेली. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा गं बायांनो, आईची राख गार झाली न्हाई, आन ह्यो भांग पाडून बसलाय."

मला ऐकू आलं होतं. 'मी सांगितलं होतं त्याला' एवढे चार शब्द बोलायचे होते. मी पुढचं गीत सुरू केलं.

तानूबाई त्यानंतर भावाच्या घरात आली नाही. माझी बदली झाली, पुढं मोठ्या सभांमधून बोलावणी यायला लागली आणि मी ही गोष्ट सांगायला लागलो. आईची चिता पेटलेली असतानाही जो डगमगला नाही तो धनगर! लोक डोळे पुसत. आमच्या स्मरणिकेतही मी ती तशीच छापली. एकदा सांगलीकडच्या एका सभेत मायाप्पा समोर बसला होता. सभा संपल्यावर जवळ आला. म्हणाला, "साहेब, तुमी लय चांगलं सांगता. मलाबी खरं वाटाय लागलं." मी हसलो. त्यानं माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला होता, तो माझ्या हातात दिला आणि गाडी गाठायला निघून गेला.

त्याच्या पायांनी शेजारच्या वाड्यावस्त्यांवर मंडळ्या झाल्या. आजारी माणसापाशी रात्र काढावी, कुणाचं भांडण लागलं तर दोन्हीकडच्या चुली पेटेपर्यंत तिथून हलू नये, असं त्याचं काम. पण गावात तो मरेपर्यंत आईला अग्नी न देणाराच राहिला. फार उशिरा, दोघंही म्हातारे झाल्यावर, मी त्याला विचारलं होतं, "तू माझं नाव का नाही सांगितलंस रे?"

"सांगून मग कुनाच्या दारात जानार हुतो?" एवढंच म्हणाला आणि बिडी विझवली.

मातीला मी वेळेत पोहोचलो. गावात आमची दफनभूमी नाही, त्याच्याच रानाच्या कडेला खड्डा घेतला होता. बाळू, ज्यानं सुकाबाईला अग्नी दिला होता तो, आता काठी टेकत आलेला. कुणाला तरी म्हणत होता, "आईला न्हाई दिली, पर ह्याला बघा किती मानसं माती द्याय आल्यात." तानूबाई लांब बांधावर, बाभळीखाली. जवळ आली नाही. माती लोटून झाली आणि नव्या तरुण पाळकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. दानियलच्या खांद्याला धरून मी उभा राहिलो आणि सांगितलं. तो विचारायला आला होता. केस काढतो म्हणाला होता. मी त्याला दारातून हाकललं असतं म्हणून तो गेला नाही. तुम्ही त्याला बोल लावले ते माझे होते.

बाळू तेवढा म्हणाला, "आता व्हय? माती लोटल्यावर?"



दिवेलागणीला मी मायाप्पाच्या पुढच्या खोलीत त्याच्याच घोंगड्यावर बसलो होतो. तानूबाई दारात आल्या. थोडा वेळ चौकट धरून उभ्या राहिल्या, मग आत येऊन भिंतीशी बसल्या. सुनेनं पाणी दिलं. पेला हातात तसाच धरून त्यांनी मला विचारलं, "आईला जाळत हुते तवा त्यो कुटं हुता?"

"वर, माळावर."

"रडला का?"

"माहीत नाही. मी बघायला गेलो नाही."

"त्याला रडाय यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "ल्हानपनी बा मारायचा ना, तवा रानात जाऊन मेंढरांना हाळी घालत बसायचा. मेंढरं पायापाशी असली तरी. आई म्हनायची, गप ऱ्हावा, रडतूय त्यो."

मला ती दुपार आठवली. मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडलेली होती, मी स्वतः जाता येता पाहिली होती. आणि माळावरून त्याची हाळी येत होती. लांब, चढी, पुन्हा पुन्हा... मी टेबलाशी बसून पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण लिहीत होतो. आज हा कुणाला बोलावतो आहे, म्हणून वैतागलो होतो.

आता लपवायचं काही ठेवायचं नव्हतं. मी तानूबाईंना सांगितलं की ती हाळी मी ऐकली होती. लिहिताना त्रास होतो म्हणून मी खिडकी लावून घेतली होती.

त्यांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

"किती येळ घालत हुता?"

"खिडकी लावल्यावर कळलं नाही."