सुभेदार शेडग्यांचा कोत

२२ फेब्रुवारी. काम : सुभेदार शेडगे यांच्याविरुद्ध तक्रार अर्ज लिहिणे. तीन प्रती.

माझ्या त्या वर्षीच्या डायरीत त्या तारखेखाली एवढंच आहे. सुभेदार हिंदुराव शेडगे मागच्या श्रावणात गेले. झोपेतच गेले. सून चहा घेऊन गेली तेव्हा चादर चारी बाजूंनी नीट खोचलेली होती, असं ती सांगत होती. माणूस कसा होता असं मला कुणी विचारलं, तर मी या तक्रार अर्जापासून सुरुवात करते, कारण त्यांना मी नीट ओळखायला लागले ती त्यामुळेच.

दहिवडीच्या बाहेर, म्हसवडच्या रस्त्याला, माजी सैनिकांसाठी सरकारने एक केंद्र बांधलं. इमारतीचा पैसा एका खात्यातून आला, संगणकांचा दुसऱ्यातून, आणि ही दोन खाती एकमेकांशी बोलत नसावीत. इमारतीला ध्वजस्तंभ होता, मोठ्या साहेबांसाठी वेगळी मोरी होती, गज लावलेली एक भक्कम खोली होती. विजेची बटणं मात्र जमिनीपासून सहा फुटांवर. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "सैनिकांची इमारत म्हणून सांगितलेलं. जवानांची उंची धरूनच बसवली." प्रत्यक्षात तिथे काम करणार होत्या बारा बायका, आसपासच्या गावांतल्या, कुणी जवानाची बायको, कुणी विधवा. सगळ्यांत उंच मंगल, ती पाच फूट एक इंच. तिने घरून लाटणं आणलं. ते लाटणं केंद्रात शेवटपर्यंत वीज खात्याचं काम करत होतं.

मी सांगलीहून बदलीवर आलेली वरिष्ठ लिपिक, केंद्राची प्रभारी. तालुक्यातल्या प्रत्येक माजी सैनिकाची आणि सैनिकाच्या विधवेची माहिती संगणकात भरायची, पेन्शनचे कागद आणि हयातीचे दाखले इथल्या इथे करून द्यायचे, असं काम. तोवर त्यासाठी साताऱ्याला जावं लागायचं. माण तालुक्यातल्या आडगावच्या म्हातारीला त्यात अख्खा दिवस जायचा, आणि एखादा कागद राहिला तर दुसरा दिवसही.

पहिल्या दिवशी मी फाटकातून आत शिरले, तर पांढऱ्या मिशांचे, ताठ पाठीचे एक गृहस्थ वही घेऊन आडवे आले. केंद्राचे कंत्राटी व्यवस्थापक.

"खुर्ची नंबर चार," ते म्हणाले. "हितं सही करा. संध्याकाळी जमा करायची."

"खुर्ची जमा करायची?"

"मग रातच्याला ती कुणाच्या ताब्यात, मॅडम?"

मी सही केली. तिथेच चुकलं.

सुभेदारांची सैन्यातली अठ्ठावीस वर्षं शस्त्रागारात गेली होती. पलटणीत त्याला कोत म्हणतात. सकाळी सही घेऊन रायफली द्यायच्या, संध्याकाळी मोजून परत घ्यायच्या. निवृत्तीनंतर त्यांच्यापुढे बारा संगणक आले आणि एक गज लावलेली खोली आली. दुसरं काय होणार? त्यांनी खोलीत लाकडी घडवंच्या करून घेतल्या, प्रत्येकीवर पितळी नंबर ठोकला, आणि दाराबाहेर स्वतःच्या हाताने 'कोत' असं रंगवलं. रोज सकाळी बायकांनी रांगेत यायचं, आपल्या नंबरचा डबा, पडदा, कळफलक आणि माऊस सही करून घ्यायचा, हॉलमध्ये नेऊन जोडायचा. संध्याकाळी सगळं सोडवून परत. जमा करून घेताना सुभेदार एक डोळा मिटून प्रत्येक वायरचं टोक उजेडाकडे धरून बघत. रायफलीची नळी तशी बघतात. वायरीत काय दिसायचं ते त्यांनाच माहीत, पण एकदा ते मंगलला म्हणाले, "घाण हाय. पुसून आण." ती बाहेर जाऊन उभी राहिली आणि तशीच परत घेऊन आली. "आता कसं!" म्हणाले.

"आवं आप्पा," मंगल त्यांना म्हणायची, "ह्यो कंप्युटर हाय. ह्येच्यातनं गोळी सुटत न्हाई."

"म्हनूनच जपायचा. गोळी सुटली तर आवाज तरी येतो. ह्यो कवा गेला ते कळत बी न्हाई."

पासवर्डचं तर विचारूच नका. रोजचा नवा पासवर्ड असावा, अशी वरून सूचना होती. सुभेदारांना ती फार आवडली. पहाऱ्यावरच्या परवलीच्या शब्दाची त्यांना सवयच होती. ते सकाळी बायकांना ध्वजस्तंभासमोर उभं करत आणि परेडच्या आवाजात ओरडत, "आजचा पासवर्ड! कोथिंबीर! पुढं एक दोन तीन!" रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला आठवड्याचे पासवर्ड पाठ असत. एखादी बाई विसरली तर ती खिडकीतून त्यालाच विचारायची.

मी हसत होते असं नाही. माझ्या डोक्यावर कामाचा ताण होता. या देण्या-घेण्यात रोजचा एक तास जायचा आणि उरलेल्या वेळात संगणक इतके अडखळत चालायचे की एक नाव भरेपर्यंत चहा निवायचा. सुभेदार रोज सोडतात, जोडतात, पुसतात, म्हणूनच यंत्रं बिघडली, अशी माझी खात्री झाली. वरून विचारणा आली, तुमचं काम सगळ्यांत मागे का? तेव्हा मी अर्ज लिहिला. व्यवस्थापकांची पद्धत कामाला बाधक आहे, रोजचा एक तास वाया जातो, त्यांना कामावरून कमी करावं.

अडचण अशी की जावक नोंदवही त्यांच्याकडेच होती. अर्ज बाहेर जायचा तर त्यांच्या हातून जाणार. त्यांनी तो वाचला, सगळा, चष्मा लावून. मी टेबलावरची टाचणी शोधत होते.

"मॅडम, एक तास लिवलंय," ते म्हणाले. "सव्वा तास लागतोय. मी घड्याळ लावून बघितलंय. दुरुस्त करा आन् बाजूला सही करा."

मी दुरुस्त केलं. त्यांनी जावक क्रमांक टाकला आणि स्वतः पोस्टात देऊन आले.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. साताऱ्याहून जिल्हा सैनिक कार्यालयाचे कर्नलसाहेब आणि पुण्याहून एक संगणक सल्लागार पाहणीला येणार. काम असमाधानकारक आढळल्यास संगणक साताऱ्याला हलवून हे केंद्र बंद करण्यात येईल. पत्र वाचून मी खुर्ची नंबर चारवर बसून राहिले.

"मॅडम," मंगल म्हणाली, "तुमी एक दात काढाया सांगितला, आन् डाक्टर मुंडकंच मागतोय की."

सुभेदारांनी मात्र पत्र दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहराच उजळला. "तपासणी!" ते म्हणाले. "लय दिसांनी." त्यानंतर आठवडाभर दुपारच्या सुट्टीत कोतातून खडखड ऐकू यायची. साफसफाई चालली असेल, म्हणून मी बघायला गेले नाही. शेवटचे दोन दिवस मुलीच्या परीक्षेमुळे मी सांगलीला होते. पाहणीच्या दिवशी सकाळी गाडीतून उतरले ती थेट केंद्रावर.

अंगणात बारा कांबळी एका रेषेत अंथरली होती. प्रत्येक कांबळ्यावर एक संगणक, सुटा. झाकण, पंखा, डिस्क, वायरी, सगळं ओळीने. स्क्रूसुद्धा उंचीप्रमाणे उभे केलेले. प्रत्येक कांबळ्यामागे पदर खोचून एक बाई सावधान. बाराव्या कांबळ्यामागे सुभेदार स्वतः, कारण बारावी भावाच्या लग्नाला गेली होती. कोटावर पदकं.

"सुभेदारसाहेब!" माझा आवाज फाटला. "हे काय करून ठेवलंत?"

"तपासणी हाय ना, मॅडम? पलटणीत असंच मांडत्यात. झाकण लावून दावलं तर साहेब बघणार काय, झाकण?"

तेवढ्यात जीप आलीच. पुण्याचा सल्लागार हातात आधीच छापून आणलेला अहवाल घेऊन उतरला, अंगणाकडे बघितलं आणि पायरीवर बसून त्याने पाणी मागितलं. कर्नलसाहेब पहिल्या कांबळ्यापाशी गेले. मग दुसऱ्या. तिसऱ्यापाशी वाकले. प्रत्येक कांबळ्यावर एका रिकाम्या जागी एक चिठ्ठी ठेवलेली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'एक कमी.'

"शेडगे, हे काय?"

सुभेदारांचा आवाज मी पहिल्यांदा खाली गेलेला ऐकला. "साहेब, आलेल्या मालाच्या यादीत दर संगणकाला मेमरीच्या पट्ट्या दोन. हजर एक. बाराच्या बारा ठिकाणी हीच गत. अठ्ठावीस वर्षांत माझ्या कोतातनं एक काडतूस कमी न्हाई पडलं, आन् हितं बारा पट्ट्या गेल्या. कशा गेल्या ठाव न्हाई. किल्ली माझ्याकडं, जबाबदारी माझी."

आठ दिवस या माणसाला हे माहीत होतं. संगणकांची झाकणं लावलेलीच ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण जे कमी ते कमी दाखवायचं, एवढंच त्यांना येत होतं.

सल्लागार पायरीवरून उठला. एक कांबळं बघितलं, मग दुसरं, मग भराभर सगळी. यादी मागून घेतली. "साहेब," तो म्हणाला, "दुसऱ्या खाचेवर कारखान्यातलं टोपण तसंच आहे. इथे पट्टी कधी बसवलेलीच नाही. पुरवठादाराने अर्धाच माल दिलाय. म्हणून तर यंत्रं इतकी रखडतात!" हातातला छापील अहवाल त्याने हळूच दुमडला.

"म्हंजी माझ्या कोतातनं न्हाई गेल्या?" सुभेदारांनी विचारलं.

"नाही हो."

"न्हाई ना गेल्या?"

"नाही, आजोबा."

सुभेदारांनी खिशातून नळी पुसायची चिंधी काढली आणि तिनेच नाक पुसलं. मग शिट्टी काढली. "जोड!"

अकरा बायका खाली बसल्या. मी आयुष्यात असं काही बघितलं नाही. आठवडाभर कोतात कसली खडखड चालली होती, ते मला आता कळलं. बांगड्या आणि स्क्रू यांचा एकच आवाज येत होता. मंगलने सगळ्यांच्या आधी हात वर केला, "तयार!" आणि लाटणं घेऊन बटणं दाबायला हॉलकडे पळाली. बाकीच्यांनी डबे उचलून आत नेले आणि एकेक करून अकरा पडदे उजळले. सगळ्यांत शेवटी सुभेदार आले. त्यांचाही संगणक चालू झाला, पण तळहातावर एक स्क्रू उरला होता. त्यांनी तो बराच वेळ बघितला. "ह्यो मूळचाच जादा असंल, साहेब," असं म्हणून सही करून जमा केला.

कर्नलसाहेब तिथेच म्हणाले, केंद्र हलणार नाही, पुरवठादाराला नोटीस जाईल. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात सल्लागाराने हळूच विचारलं, "पण साहेब, डब्यांवरचं पुरवठादाराचं सील? पुरवठादार म्हणेल, तुम्हीच उघडलंत, तुम्हीच पट्ट्या काढल्यात. उघडायला आदेश कुणाचा होता?"

"माझाच, साहेब," सुभेदार म्हणाले.

कर्नलसाहेब त्यांच्याकडे वळले. "शेडगे, वरिष्ठाच्या आदेशाशिवाय सील तोडलं तर कंत्राट संपतं. तुम्हाला नियम मी सांगायला नको."

"व्हय साहेब. बराबर हाय."

मी अर्जात मागितलं होतं, ते मला मिळालं. त्या संध्याकाळी त्यांनी सात कुलपांच्या सात किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. "मोजून घ्या, मॅडम." मी मोजल्या. "तुमच्या मनासारखं झालं," ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. पदकांचा कोट खांद्यावर टाकून ते फाटकाबाहेर गेले.

मंगल दारात उभी होती. "घ्या मॅडम," ती म्हणाली. "सव्वा तास वाचला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीने साताऱ्याला गेले आणि कर्नलसाहेबांपुढे कागद ठेवला. सील उघडण्याचा आदेश प्रभारी म्हणून मी तोंडी दिला होता, असं त्यात लिहिलं होतं. नोकरीत लिहिलेलं पहिलं खोटं.

"तुम्ही तर दोन दिवस सांगलीला होतात," ते म्हणाले.

"फोनवर दिला."

"शेडगे म्हणाले, त्यांचाच आदेश."

"ते वरिष्ठांना पुढे करणाऱ्यांतले नाहीत, साहेब."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "तुमची एक वेतनवाढ थांबेल, बाई."

"थांबू दे. शेडग्यांना आज कामावर यायला सांगायचं का, तेवढं लवकर ठरवा. केंद्राच्या दारात अकरा बायका उभ्या आहेत, आणि सातही किल्ल्या माझ्या पिशवीत आहेत."

साहेबांनी फोन उचलला आणि शेडग्यांच्या घरी लावून द्यायला सांगितलं. मी साडेदहाची दहिवडी गाडी पकडली.