भिकातात्यांची रवानगी

रविवार, ५ जानेवारी. हजर: भिकातात्या, त्यांचा मुलगा सुरेश, जीपवाला रघू आणि मी, शेजारीण. काम: तात्यांना कायमचं नाशिक रोडला, सुरेशकडे पाठवणे.

तात्यांनी उमेदीची सगळी वर्षं आमच्या गावच्या रेल्वे स्टेशनात तिकिटं विकली. पुढे पॅसेंजर थांबेनाशी झाली, तिकीटखिडकीवर फळी ठोकली गेली, फलाटावर लोक कांदा निवडू लागले. तरी स्टेशन बंद पडलं असं म्हटलेलं तात्यांना चालत नाही. "स्टेशन हाय तिथंच हाय. गाडीच लय घाईत हाय, तिला मी काय करू?"

गाव सोडणाऱ्याला निरोप फलाटावरूनच द्यायचा, हा त्यांचा नियम. गावानंही तो पाळला. नवरी सासरी निघो की पोरगा नोकरीला, जीप आधी स्टेशनाकडे वळते. सगळे फलाटावर रडून घेतात, जाणारे जीपमध्ये बसतात, तात्या हिरवी झेंडी हलवतात आणि जीप महामार्गाला लागते. एक नवरदेव परस्पर निघाला, तर तात्यांनी त्याला वेशीवरून परत आणवलं. नवरीकडच्यांना दुसऱ्यांदा रडावं लागलं.

गुडघे गेल्यापासून सुरेश त्यांना न्यायचं म्हणत होता. तात्यांना जायचं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर बसून करू काय, असं मलाच विचारायचे, जणू तो फ्लॅट मी बांधलाय. पण शेवटी मुलाचंच चाललं. सामान मी बांधलं, यादीवर खुणा केल्या.

जीप फलाटासमोर थांबली. सुरेश पुढे, फोनवर बोलत. तात्या मागे, गाद्यांच्या आड. मी झेंडी हातात घेतली, तर म्हणाले, "माई, ठेव ती. हे शिकाऊ माणसाचं काम नाय."

हळूहळू खाली उतरले, फलाटावर ताठ उभे राहिले आणि झेंडी हलवली. हिरवं दिसलं की निघायचं, ही सवय रघूला तात्यांनीच लावलेली. मी हाका मारेपर्यंत जीप वळणापलीकडे गेली होती.

हे मुद्दाम केलंत का, असं मी विचारत होते, तेवढ्यात मला सुरेशचा फोन आला. फोन तात्यांनी घेतला. "परत वळू नको, बाबा. झेंडी दिल्यावर गाडी मागं घेत नसत्यात. मी येतो पुढच्या गाडीनं."

फोन माझ्या हातात देऊन त्यांनी झेंडी गुंडाळली आणि जेवायला काय केलंय ते विचारलं.

गाद्या, भांडी, औषधं, देव: यादीतलं सगळं नाशिक रोडला पोचलं. तात्यांना पोचवायचं राहिलं आहे.