डोंग्यात बाई चालत नाही

बाईनं डोंग्यात पाय ठेवायचा नाही. ठेवला तर तळं रुसतं, मासळी तळाशी जाऊन बसते. ‘का’ असं विचारायचं नाही. आमच्या मासेमार वस्तीत पोरीला नीट चालता येण्याआधी हा नियम पाठ होतो. जाळं विणायला बाई चालते, मासळीचं टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात जायला चालते, डोंगा, म्हणजे आमची छोटी होडी, मात्र पुरुषांचा! या एका नियमानं आम्हाला इतके किस्से दिलेत की काय सांगू! तळ्यातली जलपर्णी आणि वस्तीतले किस्से, कितीही उपसा, आठवड्यात परत तेवढेच.

नागपूर जिथं संपतं तिथं, तळ्याला लागून आमची घरं. पूर्वी हे गाव होतं. आता तिन्ही बाजूंनी प्लॉटचे लेआउट पडलेत, चौथ्या बाजूला पाणी आहे म्हणून वाचलंय.

यंदा मात्र प्रकरण हसण्यावारी राहिलं नाही. बाबांचे गुडघे गेले. मच्छीमार सोसायटीचा नियम असा की सभासद तोच, जो स्वतः तळ्यावर मासे मारतो. घरात सभासद नाही तर तळ्यावर हक्क नाही. मी एकुलती एक, बी.एस्सी. झालेली. बाबांच्या जागी माझं नाव लावा असा सरळ अर्ज केला. सोसायटीचे अध्यक्ष महादेवकाका अर्ज न वाचताच म्हणाले, "चुलतभावाचं नाव टाक वं. पिंकूचं. भाऊ असून बहीण काहून?"

*

समोरच्या टॉवरचं नाव ‘सी ब्रीझ’! नागपुरात! जाहिरातीत नारळाची झाडं आणि पांढरे समुद्रपक्षी. आमच्याकडे बगळे आहेत, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

तिथल्या एका नव्या मॅडमनी सकाळी फिरताना काकांना विचारलं, "भैया, यहाँ हाय टाइड कब आता है?"

काका गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, जब नहरवाले गेट खोलते, तब!"

रविवारी मॅडम मुलांना घेऊन हजर. बादल्या, प्लास्टिकची फावडी, रंगीत टोप्या. वाळू कुठून असणार? पण चिखलाचा किल्ला झकास झाला!

*

मी दहावीत असताना बाबांनी मला फेकजाळं टाकायला शिकवलं. अंगणात. अंगण म्हणजे तळं नव्हे, त्यामुळे नियम मोडत नव्हता.

पहिल्या फेकीत शेजारच्या दोन कोंबड्या. दुसऱ्या फेकीत तुळशीची कुंडी. तिसरी फेक मात्र अशी गोल उघडली की बाबा "वा!" म्हणाले, आणि तेवढ्यात फाटकातून महादेवकाका स्कूटरवर आत आले. काका, स्कूटर, मागची पिशवी, सगळं जाळ्यात!

काका आतून ओरडले, "पोरीले काय शिकवून राहिला बे?"

बाबा शांतपणे मला म्हणाले, "हे सोडून दे बाई. बाजारात खपत नाही."

*

एकदा प्री-वेडिंग शूट करायला एक जोडपं आलं. नवरी गुलाबी लेहंग्यात. फोटोग्राफरला सूर्य, पाणी आणि डोंगा, तिन्ही एका फ्रेममध्ये हवं होतं. काकांनी स्वतः तिचा हात धरून तिला डोंग्यात बसवलं. वर म्हणतात कसे, "सांभाळून बेटा, घसरते."

मी काठावरूनच ओरडले, "काका, तळं रुसन ना!"

"ते शूटिंग होय वं! पाहुणी आहे ते!"

त्याच दुपारी काकांच्या जाळ्यात हातभर लांब रोहू आला. मी नुसती पाहत उभी राहिले. काकाच वैतागले, "आता तोंड नको वाकडं करू. तळ्याले लेहंगा आवडला असन!"

*

मग मत्स्य खात्याच्या एक नवीन अधिकारी पाहणीला आल्या. सुती साडी, पायात बूट, हातात फाइल. पाण्याच्या मधोमध जाऊन पाहायचं म्हणाल्या. काकांनी डोंगा पुसला. घरून उशी आणवली. उशीवर टॉवेल अंथरला!

बाई तासभर फिरून आल्या, चहा घेऊन गेल्या. मी काकांना गाठलं.

"काका, या कोण होत्या?"

"अधिकारी."

"बाई नव्हत्या?"

काकांनी उशीवरचा टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. मग एकदम ठसक्यात म्हणाले, "अधिकारी बाई नसते अन् माणूसबी नसते. अधिकारी अधिकारीच असते!"

*

आणि मग सोसायटीची सभा. समाजभवनाच्या ओट्यावर अकरा म्हातारे, हातात चहाचे कप. काकांनी माझ्यासमोर कागद सरकवला. अर्ज मागे घेते, पिंकूच्या नावाला संमती देते, असं टाइप करून तयार!

"सही कर वं. हट्ट काहून करून राहिली?"

"मी मासे मारते. सभासद मीच होणार."

ओटा हसला. "कुठी मारते? मोबाइलवर?"

काकांना जोर चढला. "पावसाळा संपल्यापासून तुह्या बापाचा डोंगा पिंकू चालवून राहिला. एक दिवस तरी रिकामा आला का? परवाची मरळ तर सगळ्यायनं पाह्यली! हात पाहा पोराचा!"

सगळ्यांनी ओट्याच्या कडेला बसलेल्या पिंकूकडे कौतुकानं पाहिलं. पिंकू उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"काका, मले तर पोहताबी येत नाही. डोंगा हलला का मले ओकारी येते. ताई माही टोपी घालून जाते, मी बेशरमच्या झुडपामागं व्हिडिओ पाहत बसतो. जाळं ताईच टाकते."

कोणाला तरी चहाचा ठसका लागला. काकांनी टेबलावर हात आपटला. "झालं ते झालं! उद्यापासून बंद! अन् इथं सही कर, सगळ्यायच्या समोर!"

मी पेनाला टोपण लावलं आणि कागद काकांच्या हातात परत दिला.

"सही करत नाही. उद्या सकाळी डोंगा काढते. टोपी न घालता. मोठ्या घाटावरून, सगळ्यांच्या समोर."

काकांनी ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. अकरापैकी एकानंही कपातून तोंड वर काढलं नाही.