बाबांनी न शिवलेलं अस्तर

परवा म्हापशाच्या बाजारात एका परदेशी मुलीच्या खांद्याला लटकवलेली, ठिगळं जोडून शिवलेली पिशवी दिसली आणि मला बाबा आठवले. किनाऱ्यालगतच्या आमच्या गावात ते शिंपी होते. हिप्पी आले तेव्हा गावाने नाकं मुरडली, पण बाबांना ती माणसं आवडायची. त्यांतला पीटर रोज दुकानाच्या पायरीवर बसून मोडक्या हिंदीत सांगायचा, जगात सीमा नकोत, लढाया नकोत. बाबा मशीन थांबवून ऐकायचे.

एकदा त्याने काही पिशव्या शिवून घ्यायला कापड आणलं. दुहेरी अस्तर हवं होतं, आत चरस लपवून मायदेशी न्यायला. त्याने ते सरळ सांगितलं.

"त्यातून आम्ही सगळ्यांसाठी शेत घेऊ," तो म्हणाला.

स्वप्न मोठं असलं की वाट थोडी वाकडी चालेल, असं पुष्कळांना वाटतं. बाबांनी कापडाची घडी करून परत दिली.

"तुझं बोलणं मला पटतं, म्हणूनच हे शिवणार नाही. चांगली गोष्ट अस्तरात लपवावी लागत नाही."

पीटरने दुसरीकडून शिवून घेतलं आणि तो विमानतळावर पकडला गेला. मग गावात कुणीच त्याची ओळख सांगेना. बाबा मात्र मला घेऊन तुरुंगात भेटायला गेले.

"तुमचा कोण लागतो?" पहारेकऱ्याने विचारलं.

"मित्र," बाबा म्हणाले आणि वहीत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

लग्नानंतरही मी माझ्या नावापुढे बाबांचं तेच नाव लावते.