पहिल्या गिअरचा मान

गुरुलिंगमामांचा डावा हात कधी स्वस्थ बसत नसे. औशाच्या आडतीवर लोडाला टेकून ते माणसांचे बोलणे ऐकत आणि तो हात मांडीशेजारी हवेतला गिअरचा दांडा सरकवत राही. कुणी पाल्हाळ लावले की हात पुढे जाई. "तिसऱ्यात टाका पाटील, गाडी घुरघुरून राहिली." नकार द्यायचा असला की तो रिव्हर्समध्ये जाई, जाणता माणूस चहाची वाट न पाहता उठे.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. कपाळावर भस्माचे पट्टे, धान्याच्या व्यवहारात अत्यंत सावध, आणि मोटारींच्या बाबतीत सावधपणाचा लवलेश नाही. त्यांनी हैदराबादेहून आठ सिलिंडरांची एक जुनी विदेशी गाडी आणली. इंजिन धडधाकट होते. स्वयंचलित गिअरबॉक्स निकामी. मामांना मुळीच दुःख झाले नाही.

"गिअर आपोआप पडायचे, तर हा हात देवानं कशाला दिलाय? हातानं टाकायचाच बसवू. अन् तू बसवायचा, माय."

मी तेव्हा नांदेडजवळ विष्णुपुरीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात होते. पुढे शिकायला बाहेर जायचे, हे मी ठरवले होते. लातूरला कापडाचे दुकान असलेल्या माझ्या वडिलांनी मात्र स्थळे पाहायचे ठरवले होते.

"कागदावरची इंजिनेरी, अप्पा," ते मामांना म्हणाले. "हिनं कधी पाना तरी हातात धरलाय का?"

मामांचा हात पहिल्या गिअरमध्ये गेला. "दाजी, पोरीनं बसवलेल्या गिअरवर गाडी जिल्ह्याच्या मिरवणुकीत शेवटापर्यंत चालली, तर तिला शिकू द्यायचं. बंद पडली, तर स्थळ मी स्वतः आणतो."

वडिलांनी तात्काळ होकार दिला. लातूर स्वतंत्र जिल्हा झाल्याच्या वर्धापनदिनाची ती मिरवणूक होती. जिल्हा नवा होता. दुष्काळ जुनाच होता.

गिअरबॉक्स निवडण्याचे माझे निकष सरळ होते: इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, सोसण्याची ताकद, दातांची गुणोत्तरे, शाफ्टची लांबी. मामांचा निकष एकच होता, घराणे. नांदेडच्या भंगार बाजारात मी एक हलका, सर्व दृष्टींनी योग्य गिअरबॉक्स शोधला. मामांनी त्याची मूळ गाडी कशाने गेली ते विचारले. कालव्यात पडून, असे कळले.

"बुडालेल्या घरचं पोरगं. न्हाई."

दुसरा दोन गिऱ्हाइकांनी परत केलेला निघाला. "सोडचिठ्ठीचं. न्हाई." शेवटी ते एका ट्रकच्या अवजड गिअरबॉक्ससमोर उभे राहिले आणि जावई पसंत पडल्यासारखे हसले. "खानदानी हाय. जन्मभर ज्वारी ओढली, कुठं बोभाटा न्हाई."

मी गणित मांडले. ताकद मुबलक होती. पण ट्रकचा पहिला गिअर मोटारीला इतका संथ पडणार होता की माणूस शेजारून गप्पा मारत चालला असता. म्हणून मी अट घातली: पहिला वापरायचाच नाही, गाडी दुसऱ्यावर उचलायची.

मामा दुखावले. "मानकऱ्याला वगळून बाकीच्यांना फेटे बांधतेस का, माय? पहिल्याचा मान असतो."

बसवणे हा वेगळा संग्राम होता. ट्रकचा गिअरबॉक्स मोटारीच्या इंजिनाला जुळेना, म्हणून दोहोंमध्ये लोखंडी चकती कातून घातली. बोल्ट आवळले की सगळे सरळ येते, असे मामांचे मत. माझ्या मते दोघांचे मध्य एका रेषेत नसतील तर बेअरिंग झिजेल आणि गिअर चालता चालता निसटेल. मी रेषेतला फरक सुईने दाखवणारा डायल गेज लावला. सुई केसभर हलली तरी सगळे उतरवून पुन्हा बसवत असे.

"अजून नाचून राहिली का ती?" मामा बाजेवरून विचारीत.

"नाचतेय."

"बोहल्यावर उभी राहिली की सगळी जमतात, बाई!"

"लग्नात डायल गेज लावत नाहीत, मामा."

सुई स्थिर झाली तेव्हा मामांनी रेडिएटरसाठी पाणी मागितले. टँकरचे पाणी वाटीवाटीने पुरवणाऱ्या मामी कडाडल्या, "माणसाला न्हाई अन् तुमच्या रेड्याला?" तरी त्यांनी एक कळशी दिली. "हीच. दुसरी मागाल तर बघा."

मिरवणुकीत पुढे-मागे जीपगाड्या, मध्ये लेझीम. वडील मागच्या आसनावर हाताची घडी घालून न्यायाधीशासारखे बसले होते. "मामा, दुसरा," मी कुजबुजले. मामांनी दांड्याला नमस्कार केला आणि पहिला टाकला. मी डोळे मिटले.

गाडी चालू लागली. मामांचे दोन्ही पाय मोकळे होते, आणि ती लेझमीच्या तालावर आपोआप चालत होती. जीपवाले मात्र अर्धा क्लच दाबून रांगत होते. आधी क्लचचा जळका वास आला, मग रेडिएटर उकळले, आणि रिकामे डबे घेऊन चालक कोरड्या नळांकडे धावले. एकेक जीप कडेला लागली. आम्ही एका कळशीवर शेवटापर्यंत पोचलो आणि गाडीला हार पडला.

माझे गणित बरोबर होते. मी त्यात मिरवणूक धरली नव्हती. मामांनी तर काहीच धरले नव्हते, फक्त मान दिला होता. मात्र सुई नाचती ठेवली असती, तर तो मानकरी पहिल्याच चौकात निसटला असता.

"चालली खरी," वडील उतरताना म्हणाले. "पण मी पायी लवकर पोचलो असतो."

"पायी आलेल्यांना हार घातला का कुणी, दाजी?"

मला प्रवेश मिळाला. स्टेशनवर सोडायला मामा तीच गाडी घेऊन आले आणि स्वतः उतरून त्यांनी मला चालकाच्या जागेवर बसवले. वडील मागे, माझ्या ट्रंकेला धरून. मी क्लच दाबला आणि हिशेबाप्रमाणे दुसरा टाकला. शेजारी बसलेल्या मामांचा डावा हात मांडीवर तळमळला.

"अगं, पहिला टाक," मागून वडिलांचा आवाज आला. "त्याचा मान असतो."