रंगनाथमामांचा अंगठा

रंगनाथमामा पहिल्यांदा माझ्या दुकानात आले आणि त्यांनी माझं हातातोंडाशी आलेलं गिऱ्हाईक घालवलं. औरंगपुऱ्यात आमचं खेळण्यांचं दुकान आहे. वडिलांनी थाटलं, त्यांच्यानंतर मी चालवते. एक बाई प्लास्टिकचे तुकडे जोडून राजवाडा बांधायचा सेट घ्यायला निघाल्या होत्या. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या साठीच्या गृहस्थांनी तो डबा त्यांच्या हातातून हळूच घेतला, कानाशी धरून दोनदा हलवला आणि म्हणाले, ‘‘नका घेऊ, ताई. डब्यावर राजवाडा छापलाय, आन आत बाथरूमचं सामान हाय.’’ बाई हसल्या, डबा ठेवला आणि चक्क निघून गेल्या.

मी काय गप्प बसणारी आहे? ‘‘काका, घ्यायचं नसेल तर बाजूला व्हा, पण माझा धंदा बुडवू नका,’’ असं ठणकावलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘‘हाच सेट म्या जालन्याहून आणलाय. तीनदा बांधला, तीनदा मोडला. खिडक्या चौकटीत बसत नायत. आता मला त्यो वरच्या फळीवरचा पुलाचा सेट द्या.’’ मी तोऱ्यातच डबा काढला आणि विचारलं, ‘‘नातवासाठी का?’’

‘‘नाय. माझ्यासाठी.’’

असं सांगताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर संकोचाची रेषही नव्हती. आपल्याकडे मोठी माणसं पत्ते खेळतात, कॅरम खेळतात, पण ठोकळे जोडत बसलेला पुरुष दिसला की लोकांना त्याची काळजी वाटायला लागते. मामांना ती काळजी कधी शिवली नाही. करमाडचे शेतकरी घराण्यातले. ‘‘निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलो, म्हणून कुनाला भीत नाय,’’ असं ते म्हणत, आणि दोन्हींचा संबंध काय ते विचारलं तर हसत. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तपासनीसाची नोकरी केली. तयार झालेला पार्ट मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर तोंडावर ‘बाद’ म्हणायचं. निवृत्त झाल्यावर ती जीभ रिकामी कशी बसणार? ती माझ्या दुकानाच्या नशिबी आली.

दर गुरुवारी करमाडहून बसनं ते क्रांती चौकात उतरत आणि तिथून उन्हातान्हात चालत येत. नवा सेट आला असेल तर तो घरी नेत आणि पुढच्या गुरुवारी निकाल देत. घरी त्यांची पद्धत ठरलेली होती. सगळे तुकडे आधी स्टीलच्या परातीत ओतायचे, मोजायचे, मग वाट्यांमधून वेगवेगळे लावायचे. या परातीवरून मामींची आणि त्यांची कायम जुंपलेली असे. मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मामी पीठ मळायला परात शोधत होत्या. ‘‘ह्यांच्या त्या पुलाला जागा हाय, माझ्या भाकरीला नाय,’’ असं त्यांनी मला चहा देतादेता सांगितलं. मामा आतून ओरडले, ‘‘आगं, आज पाच तुकडे जास्तीचे निघालेत! कंपनी दिलदार हाय.’’

त्यांची मतं ऐकायला लोक दुकानात थांबायला लागले. स्टिकर दिसला की त्यांचं डोकं फिरे. ‘‘रंग प्लास्टिकच्या पोटातनं आला पायजे. वरून चिकटवलेला मेकअप दोन दिसात उतरतो.’’ एका सेटमध्ये माकडाच्या डोक्याचा एक मोठा अख्खा तुकडा होता. तो बोटात फिरवत म्हणाले, ‘‘हा तुकडा माकड सोडून दुसरं काय व्हनार? ह्याला लग्नातला फेटा म्हणत्यात. एकदाच बांधायचा, मंग कपाटात.’’ बटण दाबलं की आपोआप फिरणारा पाळणा आला, तेव्हा तर ते चिडलेच. ‘‘मोटार त्यानं बसवली, वायर त्यानं जोडली. मंग पोरानं काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?’’

मला वाटलं, या माणसाला जुने, लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्टचे सेट आवडत असणार. एकदा वडिलांच्या काळातला एक डबा माळ्यावर सापडला, तो मी मोठ्या कौतुकानं त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक पट्टी उचलली, कडेवरून बोट फिरवलं आणि बोटावर आलेला रक्ताचा थेंब मला दाखवला. ‘‘जुनं व्हतं म्हणून चांगलं व्हतं असं नसतंय, ताई. ह्या कडा कुनी घासल्याच नायत. बाद.’’ माझा चेहराच पडला, पण डबा परत माळ्यावर गेला. रक्त त्यांच्या बोटाला होतं.

आणि शेवटी सगळं येऊन थांबे त्यांच्या उजव्या अंगठ्यावर. खुंटी भोकात किती जोरानं बसते, किती जोरानं निघते, हे ते अंगठ्यानं ठरवत. दाबायचं, डोळे मिटायचे, ओढायचं. मग ‘ढिला’, ‘घट्ट’ किंवा ‘बराबर’. ‘बराबर’ हा शब्द वर्षातून तीन-चारदाच ऐकू यायचा. त्या अंगठ्यावर माझं दुकान चालायचं म्हटलं तरी चालेल. तो ज्या सेटला ‘बराबर’ म्हणे, तोच मी दर्शनी फळीवर लावत असे.

आता नासीरभाईंचं सांगते. चिकलठाण्यातच त्यांचा प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना. बादल्यांचे दांडे, बाटल्यांची झाकणं असला माल काढून ते कंटाळले होते. त्यांच्या मनानं घेतलं की आपण आपल्या शहरात बनवलेला जोडणीचा सेट काढायचा. क्रेनचा. साचा त्यांनी स्वतः दोन वर्षं खपून बनवला. या माणसाची सारी उमेद त्या क्रेनमध्ये होती. पहिले तुकडे निघाले तेव्हा ते डब्यात घालून गुरुवारी दुकानात हजर झाले. ‘‘मामू, तुम हौ बोले तो निकालता, नै तो नै,’’ असं म्हणून त्यांनी डबा मामांपुढे सरकवला.

मामांनी खुंटी दाबली. डोळे मिटले. ओढली. पुन्हा दाबली. ‘‘लई घट्ट, नासीर. पोरांची बोटं दुखतील.’’

नासीरभाई गोंधळले. खिशातून व्हर्नियर, माप घ्यायचा पोलादी चिमटा, काढून त्यांनी माप घेतलं. माप बरोबर होतं. ‘‘पन मामू, ये तो बराबर बता रहा...’’ मामा हसून म्हणाले, ‘‘त्ये लोखंड हाय. त्याला बोटं नायत.’’ दुकानात सगळे हसले आणि नासीरभाईही हसले. त्यांनी व्हर्नियर परत खिशात घातला.

आणि मी काय केलं? चहा आणते म्हणून आत जाताना डब्यातले दोन तुकडे उचलून मी माझ्या अंगठ्यानं दाबून बघितले होते. मला ते अगदी बरोबर वाटले होते. त्याच महिन्यात मामांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण दोनदा माझ्याकडून उघडून घेतलं होतं आणि डब्याला बांधलेली सुतळी बोटांनी सुटेना म्हणून कात्री मागितली होती. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. तरी मी चहाचे पेले ठेवले आणि ओठ शिवून बसले. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी, त्या दिवशी माझी वाचा कुठे गेली होती देव जाणे.

नासीरभाईंनी साच्यातल्या पिना बदलल्या. पिन जाड केली की भोक मोठं होतं, एवढी साधी गोष्ट. नवे तुकडे मामांनी दाबले आणि डोळे उघडायच्या आधीच म्हणाले, ‘‘बराबर!’’ नासीरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. क्रेनचे डबे मी दर्शनी फळीवर रचले.

पंधरा दिवसांत ते परत यायला लागले. पहिले दोन मी गुपचूप बदलून दिले. तिसरा डबा घेऊन एक शिक्षिका आल्या, नेमक्या गुरुवारी, मामा काउंटरशी बसलेले असताना. ‘‘अहो, ही क्रेन उभीच राहत नाही. मुलानं उचलली की मान टाकते.’’ मी घाईघाईनं म्हटलं, ‘‘या ना, आत या, दुसरा देते.’’ पण मामांनी हात पुढे केला होता. त्यांनी क्रेनची मान बसवली. त्यांच्या अंगठ्याला ती छान बसली. मग त्यांनी ती शिक्षिकेच्या हातात दिली. ‘‘तुमी दाबा.’’ बाईंनी दाबली, आणि मान गळून काउंटरवर पडली.

 दुकानात होते तेवढ्या सगळ्यांना मामांनी एकेक करून तो तुकडा दाबायला लावला. पाच माणसं झाली. पाचही जण म्हणाले, ‘‘ढिला आहे.’’ मग मला म्हणाले, ‘‘नासीरचा पहिला तुकडा हाय का?’’ त्या दिवशी मी उचललेला तो माझ्या गल्ल्याच्या खणातच राहिला होता. मी दिला. तो त्यांनी दाबला, कपाळाला आठी पडली, मग त्याच पाच जणांकडे फिरवला. ‘‘हा बरोबर आहे,’’ पाचही जण म्हणाले. मामांनी तुकडा काउंटरवर ठेवला, पिशवी उचलली आणि चहा न घेता गेले. 

पुढचे दोन गुरुवार ते आले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आले तेव्हा त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख लालभडक होतं. ऑइलपेंट. मला वाटलं, लागलंय. घाबरून विचारलं तर म्हणाले, ‘‘कारखान्यात मापाचा गेज झिजला की त्याला लाल रंग मारत्यात. म्हणजे पुन्हा चुकून बी कुनी त्यानं माप घेऊ नये. हा गेज बाद झालाय, ताई. म्याच बाद केला.’’ आणि अंगठा असा वर धरला, की मला हसू आणि रडू एकदमच आलं.

मग त्यांनी स्टूल ओढलं. ‘‘आता खरं सांगा. तुमाला कवा कळलं?’’

‘‘पहिल्याच दिवशी,’’ मी म्हटलं. खोटं बोलायची हिंमत नव्हती.

‘‘आन बोलला नाय?’’

‘‘मामा, चारचौघांत तुमचा मान...’’

‘‘मान?’’ ते एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. ‘‘माझा मान ऱ्हायला, आन नासीरची क्रेन पडली! दोन वर्सं खपला त्यो मानूस. तुमी त्याच्या भाकरीत माती कालवली, आन म्हणता माझा मान राखला. जनमभर म्या लोकांना तोंडावर बाद म्हणलं ते काय माझ्यावर दया करून घ्यायला?’’

मला इतकं कुणी बोललं नव्हतं, वडीलसुद्धा नाहीत. मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, ‘‘झालं? आता नासीरला बोलवा.’’

नासीरभाईंची त्यांनी हात जोडून माफी मागितली. ‘‘मामू, ऐसा नक्को करो,’’ म्हणत नासीरभाईंनी ते हात धरले. जुन्या पिना त्यांनी फेकल्या नव्हत्या. आठवड्यात त्या परत साच्यात बसल्या आणि नवे तुकडे घेऊन ते आले. मामांनी डबा माझ्यापुढे सरकवला. स्वतः हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मी एकेक तुकडा दाबत गेले. सगळे छान होते. फक्त चाक जरा घट्ट होतं. नासीरभाई माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांची आशा बघून मी चाक पुन्हा एकदा दाबलं. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी मुद्दाम रस्त्याकडे तोंड फिरवलं होतं.

‘‘नासीरभाई, चाक घट्ट आहे. हे असं नाही विकणार मी.’’

नासीरभाईंनी चाक हातात घेतलं, व्हर्नियर काढला, माप घेतलं आणि मान हलवली. ‘‘हौ, आपा. सही बोले तुम.’’ पुढच्या खेपेला चाक बरोबर आलं. ती क्रेन आजही आमच्याकडे मिळते.

त्यानंतर मामा तीन वर्षं येत राहिले. बोटानं माप घेणं त्यांनी सोडलं, पण मतं कुठे सुटतात? शेवटच्या दिवाळीच्या आधी एक किल्ल्याचा सेट आला. चारशे तुकडे, सगळे एकाच करड्या रंगाचे. मामा वेडे झाले. ‘‘आजवर असा सेट बघितला नाय, ताई! ना रंग, ना भपका. निस्तं बांधकाम. पयल्या नंबराचा.’’

मी चार दिवस बसून तो बांधला होता. ‘‘नाही मामा,’’ मी म्हटलं. ‘‘तुकडे ओळखू येत नाहीत. मुलं पहिल्या भिंतीवरच कंटाळतील. मी हा पुढे नाही लावणार.’’

‘‘तुमचं चुकतंय.’’

‘‘तुमचं चुकतंय, मामा.’’

तासभर भांडलो. बस चुकली तरी त्यांनी माघार घेतली नाही आणि मीही नाही. जाताना तो सेट त्यांनी स्वतःसाठी घेतला. दाराशी थांबून म्हणाले, ‘‘आज लई बरं वाटलं भांडून.’’ त्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. मामींनी सांगितलं, किल्ला पुरा बांधून झाला होता.

तो करड्या रंगाचा सेट अजून येतो. कुणी गिऱ्हाइकानं विचारलं, कसा आहे, तर मी दोन्ही मतं सांगते, रंगनाथमामांचं आणि माझं. आधी माझं.